लुगडं मावेल एवढं घर

जयपूरला सामान घेऊन मी वरच्या खोलीत शिरले, अजून पंख्याचं बटणसुद्धा सापडलं नव्हतं, तोवर घरमालकीण काकूंनी माझ्या एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात खिळ्यांचा डबा दिला.

"ठोक," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"तुला वाटंल तिथं. पण आजच ठोक. मतलब, खिळा ठोकल्याबिगर खोली आपली वाटत न्हाई माणसाला."

त्याआधी मी दोन-तीन गावांत भाड्याने राहिले होते आणि प्रत्येक घरमालकाचं पहिलं वाक्य एकच असायचं, भिंतीला खिळा मारायचा नाही. त्यामुळे ही बाई आपली परीक्षा घेतेय असंच मला वाटलं. भिंतीकडे पाहिलं तर ती आधीच खिळ्यांनी भरलेली. कुठला खिळा कोणाचा हे काकूंना पाठ होतं. हा विमा कंपनीतल्या मुलीचा, ती इथे छत्री टांगायची, जयपुरात छत्री! तो खिडकीजवळचा एका कॅप्टनच्या बायकोचा. "तिनं त्याला कधी काही टांगलंच न्हाई. नुसता ठोकला आन् रडली. सारख्या बदल्या झालेल्या बिचारीच्या." मी मुकाट्याने दाराशेजारी एक खिळा ठोकला. तो वाकडा गेला. काकूंनी तो काढूही दिला नाही. वाकडा तर वाकडा, तुझा आहे ना, म्हणाल्या.

मी बँकेत नवी अधिकारी होऊन तिथे गेले तेव्हा काकूंनी सत्तरी ओलांडली होती. माहेर आणि सासर, दोन्ही साताऱ्याकडचं. नवरा फौजेत सुभेदार. त्यांची शेवटची बदली जयपूरला झाली आणि तिथूनच ते निवृत्त झाले. आदर्श नगरच्या एका गल्लीत खाली दोन खोल्या आणि वर एक, असं घर दोघांनी घेतलं. काकूंनी एका शाळेत मुलींना शिवणकाम शिकवलं. पुढे सुभेदार गेले, मुलगा बंगळूरला गेला, आणि काकू तिथेच राहिल्या. त्यांची मराठी साताऱ्याचीच राहिली होती, फक्त मधूनमधून "मतलब" यायचं. हिंदी मात्र त्या अशी बोलत की ऐकणारा आधी हसायचा आणि मग जरा सावरून उभा राहायचा.

शेजारच्या बायका रविवारी देवळात जात, काकू सॅम्पल फ्लॅट बघायला जात. आग्रा रोडला तेव्हा नव्या इमारती उठत होत्या. इमारत उभी राहायच्या आधीच गिऱ्हाइकाला दाखवायला बिल्डर एक घर नटवून ठेवतो. पडदे, दिवे, टेबलावर प्लास्टिकची सफरचंदं. काकूंना स्वतःला घर घ्यायचं नव्हतं, पण आग्रा रोडवरची बहुतेक सफरचंदं त्यांनी नखाने टोचून पाहिली होती. जाताना ठेवणीतलं रेशमी पातळ, गळ्यात कोल्हापुरी साज आणि गुडघ्यांमुळे पायात पांढरे स्पोर्ट्स शूज.

"काकू, फ्लॅट बघायला एवढं नटून कशाला?" मी पहिल्या रविवारी विचारलं.

"मुलगी बघायला जाताना मुलाकडचे नटत्यात का न्हाई? बघायला आपण चाललोय. त्यांनी आपल्याला बघायचं न्हाई."

आणि खांद्याला एक कापडी पिशवी. तिच्यात सासूबाईंचं एक इरकली लुगडं असायचं, धुऊन धुऊन मलमलीसारखं मऊ पडलेलं, काठ मात्र शाबूत. हे लुगडं म्हणजे काकूंची मोजपट्टी. सॅम्पल फ्लॅटच्या मोठ्या खोलीत शिरलं की त्या पिशवीतून लुगडं काढत, दुपदरी करत, आणि एक टोक टाय लावलेल्या विक्रेत्याच्या हातात देत. "पकडो भैया. दीवार को लगाओ. दीवार को, टाय को नहीं." दुसरं टोक धरून स्वतः समोरच्या भिंतीकडे चालत जात. दुपदरी लुगडं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ बसलं तर खोली पास. भिंत आधी आली आणि कापड गोळा झालं तर नापास. बहुतेक खोल्या नापास होत.

"माताजी, एरिया तो ब्रोशर में लिखा हुआ है," विक्रेता रडकुंडीला येऊन म्हणायचा.

"लिखा हुआ तो मेरे घुटने की दवाई पे भी है. आराम किधर है?"

लुगडंच का, हे मी एकदा विचारलं. तेव्हा कळलं की लग्नानंतर त्या फौजेच्या पहिल्या क्वार्टरमध्ये राहायला गेल्या तिथे बाहेर कपडे वाळवायची सोय नव्हती. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधून त्या घरातच लुगडं दुपदरी वाळत घालायच्या, आणि ते बरोबर मावायचं. "आन् मतलब असं बघ, आमचं भांडण झालं की ते एका टोकाला बसायचे, मी दुसऱ्या टोकाला. मधी लुगडं. लुगडं वाळंस्तवर राग बी वाळायचा." ज्या खोलीत नवराबायकोला भांडून दोन टोकांना बसता येत नाही तिला त्या खोली म्हणायलाच तयार नव्हत्या. खोकं म्हणायच्या.

या रविवारच्या स्वाऱ्या रामजीलालच्या ऑटोतून निघत. रामजीलाल म्हणजे बांबूसारखा उंच, मिशीवाला, कमालीचा अबोल माणूस. आग्रा रोडवरच्या बस्सीच्या पलीकडे कुठेतरी त्याचं गाव, पण जन्म जयपुरात ऑटो चालवण्यात चाललेला. शहरात एका खोलीत तो आणि त्याची बायको सुगना भाड्याने राहत. सुगना गोट्याचं काम करायची. म्हणजे परकोट्यातल्या, तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या, दुकानांतून ओढण्या आणि घागरे घरी आणायचे आणि त्यांना गोट्याची, म्हणजे सोनेरी-रुपेरी जरीच्या फितीची किनार हाताने शिवायची. हे काम अंधारात होत नाही आणि जागेशिवाय तर मुळीच होत नाही, ओढणी अख्खी पसरावी लागते. त्यांच्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून ती उंबऱ्यात बसून शिवायची, आणि मग घरमालक ओरडायचा की येण्याजाण्याची वाट अडते. अशा दोन खोल्या त्यांनी सोडल्या होत्या. तिसरीतून केव्हा काढतील याचा नेम नव्हता. सुगनाला एकच गोष्ट हवी होती, जिथून कोणी उठवणार नाही अशी खिडकीजवळची जमीन.

हे काकूंना कळलं तेव्हापासून त्यांच्या रविवारांना कारण मिळालं.

त्याआधी रामजीलाल फाटकाबाहेर ऑटोत बसून राहायचा. काकूंनी एका रविवारी त्याला आत चल म्हटलं. फाटकावरच्या गार्डने हात आडवा केला. "ड्राइवर बाहर रुकेगा."

काकू थांबल्या. साज सारखा केला. "ये ड्राइवर नहीं है. ये गिराइक है. गाडी इनकी, घर इनको लेना है. मैं तो इनके साथ आयी हूँ, बूढी हूँ, करके बिठाया इन्होंने."

गार्डने रामजीलालच्या खाकी शर्टाकडे पाहिलं, मग काकूंच्या साजाकडे. त्याने सलाम केला तो नेमका दोघांच्या मधल्या हवेला.

आत गेल्यावर काकूंनी झोपायच्या खोलीतला गुबगुबीत पलंग पाहिला आणि त्यांचे डोळे बारीक झाले. "रामजीलाल, लेट जाओ."

"काकीसा, रैबा द्यो," तो लाजून म्हणाला, राहू द्या. पण काकूंपुढे कोणाचं चाललंय? त्याने चपला काढल्या, शर्ट झटकला आणि चोरासारखा आडवा झाला. त्याच्या पोटऱ्या पलंगाबाहेर हवेत तरंगत राहिल्या. खोली मोठी दिसावी म्हणून पलंगच आखूड करून घेतला होता. कपाटात हँगर आडवा मावत नव्हता, आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या पाहून मला बालवाडीची आठवण झाली.

"मॅडम, ये सिर्फ डिस्प्ले के लिए है," विक्रेता म्हणाला.

"तो रहने वाला आदमी भी डिस्प्ले का देते हो क्या साथ में?"

त्या दिवशी मी इतकी हसले की मला बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं. रामजीलालसुद्धा मिशीत हसत होता. पण ऑटो सुरू करताना तो हळूच म्हणाला, "काकीसा, गद्दा बढिया था." आणि मग कोणी हसलं नाही.

पुढच्या रविवारपासून सुगनाही यायला लागली. डोक्यावरून ओढणी, नजर खाली, भिंतीला हात न लावता चालणारी. ती काही बोलायची नाही. काकू दर घरात तिला विचारायच्या, "पसंद है?" ती नवऱ्याकडे बघायची. "उधर मत देख. उसको तो गद्दा भी पसंद आता है. तेरेको पसंद है?" सुगना मान हलवायची, ती हो की नाही हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

मी काकूंना घरी म्हटलं, "का त्या दोघांना ओढत नेता? उगाच आशा लावायची."

काकू भाकरी थापत होत्या, थांबल्या नाहीत. "या बाईला जन्मात कुणी इचारलंय का, की बाई, तुला पसंत हाय का म्हणून? लग्नात न्हाई. कामात न्हाई, शेठ जे देईल ते शिवायचं. भाड्याच्या खोलीत तर न्हाईच न्हाई, मिळाली हेच नशीब. नको म्हणायला काय पैसे पडत न्हाईत. ते तरी तिला येऊ दे."

आणि एका रविवारी ते आलं. एका चकचकीत फ्लॅटमध्ये विक्रेता स्वयंपाकघराचं कौतुक करत होता. सुगनाने खिडकीबाहेर पाहिलं. समोर हाताच्या अंतरावर दुसऱ्या इमारतीची भिंत. ती ओढणीच्या आडून स्पष्ट म्हणाली, "म्हाने पसंद कोनी आयो." मला आवडलं नाही. एवढी मोठी इमारत, आणि तिला सुगना नको म्हणाली होती. काकूंनी परतताना सगळ्यांना कचोरी खिलवली आणि स्वतः डॉक्टरांनी मनाई केलेली मिरचीसुद्धा खाल्ली.

घर घ्यावं की भाड्याने राहावं यावरून माझं आणि काकूंचं भांडण व्हायचं, कारण मी बँकेत दिवसभर गृहकर्जाच्या टेबलाशेजारी बसायचे. मला वाटायचं की प्रत्येकाने घर विकत घेतलंच पाहिजे असं थोडंच आहे? ज्याला झेपेल त्याने घ्यावं, बाकीच्यांनी भाड्याने सुखात राहावं. मीही भाड्यानेच राहत होते की. हे मी एकदा बोलून दाखवलं.

"तू भाड्यानं ऱ्हातीस ते माझ्याकडं," काकू म्हणाल्या. "हातोडी मिळाली तुला. सुगनाला कोण देतंय?"

मग हात पुसून त्या माझ्यासमोर बसल्या. त्या दिवशीचं बोलणं मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण त्यात चेष्टा अजिबात नव्हती. "लोक मला म्हणत्यात, काकू, तुमी काटकसर केली, पै-पै जोडली म्हणून घर झालं. खोटं हाय गं ते. आमी काय लई हुशार न्हवतो. सुभेदार तर सिनेमाचे शौकीन. मतलब, तवा सुभेदाराच्या पगारात घर यायचं, एवढंच. आमच्या बाजूचं घर एका वायरमननं घेतलं, पलीकडचं एका कंपाउंडरनं. आज त्याच गल्लीत डॉक्टरला परवडत न्हाई. मग रामजीलाल काय आमच्यापरीस कमी राबतोय? तो आमच्यापरीस जास्त राबतोय. फक्त उशिरा जन्मला."

समोरच्या घरातले शेठजी जमिनींचे सौदे करायचे. ते काकूंची गंमत करायचे. "आंटीजी, ऑटोवाले भी मकान खरीदने लगे तो भाव का क्या होगा?"

"उतर जायेगा."

"आपके मकान का भी उतरेगा!"

"उतरने दो ना. मैं किधर बेच रही हूँ? मैं तो इसमें रहती हूँ."

घरात राहायचं असतं हा मुद्दा शेठजींच्या धंद्यात कधी आला नसावा.

आता त्या घराबद्दल सांगायला हवं, ज्याचं नाव काकूंनी पुढे कित्येक वर्षं काढलं नाही. आग्रा रोडवर, कानोता गावाच्या अलीकडे, रस्त्यापासून थोडी आत, एक साधी चार मजली इमारत होती. ना पडदे, ना सफरचंदं. तयार घरंच दाखवत होते. एक खोली, स्वयंपाकघर, छोटीशी गॅलरी, आणि पूर्वेला खिडकी. सुगना त्या खिडकीशी गेली आणि उन्हात हात धरून उभी राहिली. रामजीलालने किंमत विचारली. त्याच्या गणितात ती बसत होती, जेमतेम, पण बसत होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मैडमजी, लोन हो जायेगा ना?" सगळ्या रविवारांत त्याने मला विचारलेला तो पहिला प्रश्न. पगाराची पावती नसलेल्या माणसाला बँक सहज दारात उभं करत नाही, पण काहीतरी वाट काढता येईल असं मी सांगितलं.

काकूंनी लुगडं काढलं. एक टोक मी धरलं. दुसरं टोक घेऊन त्या समोरच्या भिंतीपर्यंत गेल्या आणि वाकून पाहू लागल्या. भिंतीशी चार बोटं कापड गोळा झालं होतं.

"काकीसा, चार उंगल का काई है," रामजीलाल म्हणाला, चार बोटांचं ते काय. त्याचा आवाज विनवणीचा होता.

काकू म्हणाल्या, "आज चार उंगली छोडोगे, तो कल पूरा हाथ ले जायेंगे." पण निर्णय त्यांनी दिला नाही, तेवढं मला कबूल केलं पाहिजे. त्या सुगनाकडे वळल्या. "तेरेको पसंद है?"

सुगनाने खिडकीकडे पाहिलं. मग त्या गोळा झालेल्या कापडाकडे पाहिलं, आणि मग काकूंकडे. एवढ्या रविवारांत तिला जे शिकवलं होतं ते तिने केलं. "पसंद कोनी," ती म्हणाली.

काकू खूश झाल्या. पुढच्या वेळी याहून चांगलं मिळेल, म्हणाल्या. रामजीलाल त्या दिवशी परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही, पण तो एरवीही बोलायचा नाहीच, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या वेळी चांगलं मिळालं नाही. दिवाळीनंतर त्याच इमारतीत चौकशी केली तर भाव रामजीलालच्या हाताबाहेर गेला होता. कानोत्यात पाहिलं, तिथेही तेच. आम्ही रस्त्याने पुढे पुढे जात राहिलो आणि भाव आमच्या पुढे. खोल्या लहान होत गेल्या आणि शहर मागे पडत गेलं. काकू अजूनही साज घालून यायच्या, पण पिशवीतलं लुगडं बाहेर निघेनासं झालं. विक्रेत्यांशी भांडणंही आटली. एकदा एका पोराने आम्हाला स्वतःहून तो आखूड पलंग दाखवला, तर काकू "अच्छा है" म्हणून पुढे गेल्या. मला त्या वेळी त्यांचं वय पहिल्यांदा दिसलं.

त्यांच्या मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. मुलगा भला होता. आई, ते घर विकून इकडे ये, तुझ्या त्या दोन खोल्यांचे आज किती येतील तुला कल्पना नाही, म्हणायचा. काकू फोन हातभर लांब धरून ऐकत. फोन ठेवल्यावर एकदा मला म्हणाल्या, "मी झोपले तरी माझं घर कमावतंय म्हणं. आन् तो रामजीलाल दिवसभर ऑटो मारतोय तरी मागंच. हे कसलं गं?" मग, माझ्याकडे न बघता, "तवा मी गप बसायला पाहिजे हुतं." कशाबद्दल, हे विचारायची गरज नव्हती.

माझी बदली पुण्याला झाली. निघताना मी दाराशेजारचा वाकडा खिळा काढायला गेले, आठवण म्हणून. काकूंनी हातावर चापट मारली. "तो हितंच ऱ्हाणार. पुढचीला सांगायला मला काय तरी पाहिजे."

बऱ्याच वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, बँकेच्या कामासाठी जयपूरला जाणं झालं आणि मी अर्थातच काकूंकडे उतरले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन त्या काठी घेऊन चालत होत्या. रविवार बंद झाले होते. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रामजीलाल दारात. मिशा पांढऱ्या झालेल्या, हातात मिठाईचा डबा.

"काकीसा, मकान ले लिया."

काकू खुर्चीतून उठायला लागल्या आणि परत बसल्या. त्याने किल्ली हातात येईपर्यंत त्यांना काही कळू दिलं नव्हतं. गावच्या शेतातला आपला वाटा त्याने भावाला विकून टाकला, सुगनाच्या पायांतली चांदी गेली, आणि उरलेलं कर्ज अशा एका कंपनीकडून घेतलं जिचा व्याजाचा दर ऐकून मी बँकवाली असूनही खाली बघितलं. "देखबा चालो," तो म्हणाला. "सुगना बोली, काकीसा पास करसी जद ही मकान है." काकूंनी पास केलं तरच ते घर.

काकूंनी पातळ नेसलं, साज घातला. कपाटातून पिशवी काढली. तिच्यात लुगडं होतंच. वरून त्यांनी एक नवी कोरी हातोडी आणि खिळ्यांचा पुडा टाकला.

घर कानोत्याच्या खूप पुढे, जवळजवळ बस्सीला. शहरात सवारी मिळवायला रामजीलालला आता पहाटे निघावं लागणार होतं. तिसरा मजला, जिन्याला अजून कठडा नाही. काकू प्रत्येक पायरीवर थांबत वर आल्या. सुगना दारात उभी होती. तिने आधी आम्हाला खिडकी दाखवली. खिडकी खरंच छान होती, समोर मोकळं शेत, आणि उन्हाचा पट्टा थेट खोलीच्या मध्यापर्यंत. मग माझ्या लक्षात आलं, की खोलीतलं सगळं सामान, खाट, पेट्या, गोट्याची गाठोडी, तिने स्वयंपाकघरात नेऊन एकावर एक रचलं होतं. जमीन पुसून लख्ख केली होती. लुगड्यासाठी.

काकूंनी हातोडी रामजीलालला दिली. तो ती हातात फिरवत भिंतीवर जागा शोधायला लागला. मग त्यांनी लुगडं काढलं, दुपदरी केलं आणि एक टोक माझ्याकडे दिलं. मी ते भिंतीला लावून खाली बसले. दुसरं टोक घेऊन काकू काठी टेकत समोरच्या भिंतीकडे निघाल्या. भिंत लवकर आली.

मला माझ्या टोकावरून दिसत होतं. कापड भिंतीशी चांगलं हातभर गोळा झालं होतं. रामजीलालची पाठ आमच्याकडे होती, तो खिळा धरून उभा होता, पण ठोकत नव्हता. वाट बघत होता.

काकू काठीच्या आधाराने, दुखरा पाय पुढे पसरून, खाली बसल्या. ऑपरेशननंतर त्यांना जमिनीवर बसायला मनाई होती. त्यांनी ते उरलेलं हातभर कापड लुगड्याच्या खाली दुमडलं, वरून तळहात फिरवला आणि कड भिंतीला नेमकी टेकवली. ज्या बाईने टाय लावलेल्या एकाही पोराला चार बोटं सोडली नव्हती, ती हे करत होती.

"पास?" रामजीलालने न वळता विचारलं.

"पास," काकू म्हणाल्या. "एकदम बराबर. देख लो."

तो वळला, सरळ पसरलेल्या लुगड्याकडे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत न पाहिलेलं हसू त्याच्या तोंडावर आलं. तेवढ्यात सुगना दारातून आली. तिने सगळं पाहिलं होतं. ती काकूंच्या शेजारी गेली आणि त्या दुमडलेल्या टोकावर, बरोबर त्या फुगवट्यावर, मांडी घालून बसली.

"चाय आज थे बणाओ जी," ती नवऱ्याला म्हणाली, चहा आज तुम्हीच करा. "म्हूँ काकीसा कनै बैठी हूँ," काकूंजवळ. तिने काकूंचा हात हातात घेतला. चहा होऊन पिऊन होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

परतताना काकूंनी ऑटोत पिशवी मांडीवर धरली होती. रस्त्यात कानोत्याच्या अलीकडची ती चार मजली इमारत आली. गॅलऱ्यांत कपडे वाळत होते, कोणाच्या तरी खिडकीत तुळस होती. काकूंनी ती इमारत मागे पडेपर्यंत पाहिली. मग माझ्या कानाशी येऊन, रामजीलालला कळू नये म्हणून मराठीत म्हणाल्या, "तिथं चारच बोटं कमी हुती गं. हितं हातभर." आणि पदर डोळ्याला लावला.

रामजीलालने आरशातून पाहिलं. "काकीसा के कह रिया है?"

"कह रही हैं," मी म्हटलं, "घर पसंद आ गया."